सातव्या मजल्यावरची जाळी

"पुएर्ताऽऽऽ!"

सकाळचे दहा वाजलेले. मी तळघरात बॉयलर पुसत होतो आणि वर पहिल्या मजल्यावरची कोर्दोनबाई लिफ्टच्या जाळीला तोंड लावून बोंबलत होती. पुएर्ता म्हणजे दार. त्या देशात पहिला शब्द मी जेवणाचा शिकलो आणि दुसरा हा.

फडकं टाकून वर आलो.

"काय झालं, सेन्योरा?"

"काय व्हायचंय? पुन्हा सातव्यावर कुणीतरी जाळी उघडी टाकून गेलंय. अर्धा तास उभी आहे मी. तू पोर्तेरो आहेस का शोभेची कुंडी?"

आता जुन्या लिफ्टा तुम्ही पाहिल्या असतील. मजल्याला एक सरकती जाळी, डब्याला एक. दोन्ही नीट ओढून लावल्या तरच डबा हलणार. एकानं घाईत अर्धवट ठेवली की सगळी इमारत जिन्यावर. सात मजले, चौदा बिऱ्हाडं, आणि जाळी लावायला वर चढायचं कुणी? मी. बोटीच्या इंजिनात शिडीवरून पडून माझा उजवा गुडघा गेलेला. त्या गुडघ्यापायीच तर मी तिथं राहिलो.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट सांगतोय. गाव ब्युनोस आयर्स, वस्ती काबाशितो. काबाशितो म्हणजे शिंगरू, घोड्याचं पिल्लू. वस्तीचं नाव असलं, पण वस्ती मोठी सभ्य. मास्तर, बँकेतले कारकून, दातांचे डॉक्टर, पेन्शनर. सकाळी बायका ब्रेड आणायलासुद्धा ओठ रंगवून निघायच्या. मी हर्णैचा धर्मा चोगले, चौथी नापास, मालवाहू बोटीवर तेलपाणी करणारा. बोट मला इस्पितळात टाकून गेली, आणि तिथल्या एका नर्सच्या मेव्हण्यानं मला या इमारतीत चिकटवलं. पोर्तेरो म्हणजे काय, तर सकाळी फूटपाथ धुवायचा, पितळी पाट्या चमकवायच्या, कचरा, बॉयलर, नळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी हसून दार धरायचं. त्या बदल्यात जिन्यामागच्या दोन खोल्या.

हिंदुस्थानातल्या माणसाला तिकडं 'हिंदू' म्हणतात, मग तो कुणी का असेना. पण त्यांच्या जिभेला 'ह' नाही. म्हणून मी झालो इंदू. आमच्या आत्याचं नाव इंदू. सहा फूट उंच, मिशीवाला गडी, आणि सगळी इमारत हाका मारतेय, इंदू, नळ गळतोय! इंदू, बल्ब गेला!

तर त्या दिवशी मी जिन्याला हात घातला, तेवढ्यात बाहेरून डॉन आनसेल्मो आले. डॉन म्हणजे तिथं आपल्याकडच्या 'काका'सारखं, मान द्यायचं. सिनेमातला नव्हे. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, रेल्वेत सिग्नलवर नोकरी करून रिटायर झालेला. हातात भाजीची पिशवी, बगलेत लांबडा ब्रेड. पाचव्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको एल्विरा राहायची; बायकांना 'डॉन'च्या जागी 'डॉनिया' म्हणायचं.

"थांब इंदू," ते म्हणाले. "तुझा गुडघा. मी वर चाललोच आहे. दोन मजले जास्त चढतो, लावतो जाळी."

"अहो डॉन, पिशवी तरी द्या."

"नको रे. हळूहळू जातो."

आणि गेले. दर दोन-तीन दिवसांनी हेच. बोंबाबोंब व्हायची, आणि डॉन आनसेल्मो कुठूनतरी उगवून म्हणायचे, मी लावतो. चौदा बिऱ्हाडांत माझ्या गुडघ्याची कदर असलेला तो एक माणूस. मी मनात म्हणायचो, देवमाणूस.

सगळ्यांचा राग सातव्या मजल्यावर होता. तिथं दातांचा डॉक्टर होता, फेर्रारो. लोक म्हणायचे, त्याचे पेशंट दाढ उपटून घेतात आणि गाल धरून पळतात, जाळी कोण लावतंय? डॉक्टर म्हणायचा, माझे पेशंट शिकलेले आहेत, पोर्तेरो झोपा काढतो. शेवटी जूनमधल्या मालकांच्या सभेत त्यानं कागद आणला, इतक्या तारखेला इतका वेळ लिफ्ट बंद. व्यवस्थापकानं मला बोलावलं.

"इंदू, ऑगस्टच्या सभेपर्यंत हे थांबलं पाहिजे. नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघू."

"साहेब, मी काय प्रत्येकाच्या हाताला हात लावून फिरू?"

"ते मला माहीत नाही. ऑगस्ट."

ही नोकरी सुटून मला चालणार नव्हतं. कारण सप्टेंबरात माझी बायको मंजुळा आणि पोरगी सुरेखा यायच्या होत्या. सहा वर्षं कागद घासून घासून तो शिक्का मिळाला होता. पोरीला मी सोडलं तेव्हा ती रांगत होती. नोकरी गेली की खोल्या गेल्या, आणि खोल्या नसल्या तर दोघींना उतरवायचं कुठं, बंदरावर? एका खोलीला मी निळा रंगसुद्धा दिला होता.

महिनाभर पाळत ठेवली. डॉक्टरच्या एकेका पेशंटबरोबर वर जायचो, जाळी लावून यायचो. तरी बघावं तर अगदी रिकाम्या वेळी, साडेनऊला, दहाला, डॉक्टरचा दवाखाना उघडायच्याही आधी, सातव्यावर जाळी उघडी. भूत म्हणावं तर भुताला लिफ्ट कशाला लागते?

मग मी म्हटलं, चोर नाही सापडत तर नाही, कुलूपच करू. अख्खं आयुष्य इंजिनात गेलेलं माझं. भंगारवाल्याकडून दुकानांच्या जुन्या शटरच्या स्प्रिंगा आणल्या. शनिवार-रविवार लिफ्ट बंद ठेवून एकेका मजल्याच्या जाळीला स्प्रिंग लावत सुटलो. डब्याच्या जाळीला दोन. हात सोडला की जाळी आपोआप मागं, खट्ट. माणूस विसरला तरी जाळी विसरणार नाही.

रविवारी दुपारी सातव्यावर काम चाललेलं. डॉन आनसेल्मो जिना चढून आले आणि पायरीवर बसले. माझा स्क्रूचा डबा उचलून मांडीवर घेतला आणि एकेक स्क्रू हातात देऊ लागले.

"हे आपोआप लागणार?" त्यांनी विचारलं.

"आपोआप."

"नेहमी?"

"माझ्या पश्चातसुद्धा."

"आणि मध्ये काही अडकवलं तर? लाकूडबिकूड?"

"डॉन, मध्ये लाकूड घालणाऱ्याचा मी हात मोडीन."

ते हसले. मीही हसलो. मग ते एक स्क्रू दोन बोटांत फिरवत राहिले.

"इंदू, एक मजला सोडला तर नाही का चालणार? हा सातवा?"

"अहो, सातवाच तर मूळ दुखणं! तोच सोडला तर बाकीचे कशाला केले?"

"हां. खरंय."

"तुम्हाला कसली काळजी? आता तुम्हाला सात-सात मजले चढायला नको. डॉनिया एल्विरांना पण खाली येता येईल. किती महिने झाले दिसल्या नाहीत. कंबर कशी आहे?"

"कंबर बरी आहे," ते म्हणाले. "जिन्याची भीती बसलीय. पडल्यापासून जिन्याकडं बघतसुद्धा नाही."

"मग झालं! ही लिफ्ट आता त्यांच्यासाठीच समजा."

डॉन आनसेल्मोंनी तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होते, मला तेव्हाही दिसलं. पण मी तोंडात दोन स्क्रू धरून वर हात करून उभा होतो, मला घाई होती. म्हटलं, तो तिसरा द्या. त्यांनी दिला.

सोमवारी सकाळी थंडी मरणाची. तिकडं जुलैत थंडी असते. मी फूटपाथ धूत होतो, तोंडातून वाफ निघत होती, पण मन खूश. सकाळपासून लिफ्ट दहा वेळा वरखाली झाली, दहाही वेळा खट्ट. कोर्दोनबाईसुद्धा म्हणाली, "इंदू, तू इंजिनियर आहेस." साडेनऊला डॉन आनसेल्मो जिन्यानं खाली आले.

"लिफ्ट चालू आहे की डॉन!"

"सवय झाली," म्हणाले. दारात थांबले, वर बघितलं, मग माझ्याकडं. "औषधाच्या दुकानात जातोय. पंधरा मिनिटं. तू इथंच आहेस ना?"

"मी कुठं जातोय?"

ते झपझप चालत गेले. त्या वयाचा माणूस असा चालताना मी पहिल्यांदा बघितला.

पाच मिनिटं झाली असतील. लिफ्ट खाली आली. जाळी सरकली, कुणीतरी बाहेर पडलं, आणि मागं खट्ट. मी वळून बघितलं तर डॉनिया एल्विरा! राखाडी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डोक्यावर टोपी, हातांत हातमोजे, पर्स. ओठांना लाली. लग्नाला निघाल्यासारख्या.

"डॉनिया एल्विरा! किती दिवसांनी!"

"हो ना रे," त्या म्हणाल्या. "लिफ्ट आज कशी छान चालतेय."

माझी छाती फुगली. "मी केली, सेन्योरा."

"शहाणा आहेस तू." मग जवळ आल्या, आवाज बारीक केला. "वर माझ्या घरात एक म्हातारा येऊन बसलाय. चांगला आहे, त्रास देत नाही. पण ओळखीचा नाही बाई. मी आपली घरी जाते."

मी खो-खो हसलो. हर्णैला आमची आई बापाबद्दल अगदी हेच बोलायची, हा कोण म्हातारा माझ्या ओटीवर बसलाय म्हणून. मी म्हटलं, "जा, जा. त्यालाही जरा कळू दे एकट्याला कसं वाटतं."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा पाइप बाजूला केला, बूट भिजू नयेत म्हणून. दार पूर्ण उघडून धरलं. हाताला धरून पायरी उतरवली. एकच पायरी होती. त्यांनी मोज्यातल्या हातानं माझा हात थोपटला आणि गेल्या. मी वळून साबण धुवायला लागलो.

डॉन आनसेल्मो आले तेव्हा धापा टाकत होते. आत शिरले आणि थबकले. लिफ्टचा डबा खालीच उभा होता.

"कोण आलं खाली?"

"तुमच्या सेन्योरा! काय नटून गेल्यात, तुम्ही बघायला हवं होतं."

त्यांनी औषधाची पुडी टपालाच्या पेटीवर ठेवली. अगदी नीट, कडेला लावून.

"कुठल्या बाजूला गेली?"

मी तोंड उघडलं. मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

"इंदू, डावीकडं का उजवीकडं?"

"डॉन, मी साबण—"

ते उजवीकडं धावले. मी फडकं टाकून डावीकडं. गुडघा कुठं आहे आणि मी कुठं, काही भान नव्हतं. चौक बघितला, बाग बघितली, चर्च बघितलं, बाजार बघितला. राखाडी कोट आणि टोपी घातलेल्या बायका त्या वस्तीत पैशाला पासरी. मी एकेकीच्या पुढ्यात जाऊन तोंड बघायचो, बायका घाबरायच्या. पोलिसात सांगितलं. फेर्रारो डॉक्टर दवाखाना बंद करून गाडी घेऊन निघाला, ते मात्र सांगितलं पाहिजे. त्याच गाडीत बसून फिरताना डॉन आनसेल्मोंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, तिला दीड वर्षापासून काही आठवत नाही. मला ओळखत नाही. दोनदा घरातून गेली होती.

डॉक्टर म्हणाला, "मग दाराला कुलूप घालायचं, डॉन!"

"घातलं होतं. एकदाच. परत आलो तर दारावर हात आपटून आपटून नखं तुटलेली तिची. रक्त. मी कधीच घालणार नाही म्हणून कबूल केलं तिला."

"मुलाला सांगायचं."

"मुलगा म्हातारपणाच्या आश्रमात टाकायचं म्हणतोय. म्हणूनच कुणाला सांगितलं नाही."

मी मागच्या सीटवर बसलो होतो. ते मागं न बघता बोलले.

"जिना ती उतरत नाही. लिफ्ट आली नाही तर ती परत घरात जाऊन बसायची. म्हणून मी बाहेर जाताना सातव्यावर जाळी उघडी ठेवायचो. आलो की लावायचो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. माफ कर, इंदू. तुझा गुडघा दुखायचा ते मला कळत होतं."

डॉक्टर फेर्रारोनं गाडी कडेला घेतली आणि काचेतून समोर बघत राहिला. सात मजल्यांच्या सात स्प्रिंगा, तळमजल्याची एक आणि डब्याच्या दोन, सगळ्या माझ्या डोळ्यांपुढं.

अंधार पडायच्या सुमाराला सापडल्या. तेरा चौक लांब, सोमवारी बंद असणाऱ्या एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर, आत कोनाड्यात. त्या कोपऱ्यावर पूर्वी ट्राम थांबायची. ट्राम बंद होऊन वीस वर्षं झालेली. सकाळपासून त्या ट्रामची वाट बघत बसल्या होत्या. पर्स मांडीवर, पाय जुळवलेले. पोलिसानं उठवायला हात दिला तर म्हणाल्या, माझी जागा धरून ठेवा.

थंडी छातीत गेली होती. इस्पितळात नऊ दिवस काढले. नवव्या दिवशी गेल्या.

ऑगस्टची सभा ठरल्याप्रमाणंच झाली, खालच्या हॉलमध्ये, खुर्च्या मांडून. मीच मांडल्या. विषय माझाच होता. मी दाराजवळ उभा, हातात टोपी. मंजुळेची बोट सुटायला आठ दिवस उरले होते.

कोर्दोनबाई उठली. "मला वाईट वाटतं बोलायला. पण आजारी बाईसाठी दार उघडून देणारा पोर्तेरो? उद्या माझ्या नातवाला देईल."

"माहीत नव्हतं त्याला," फेर्रारो म्हणाला.

"पोर्तेरोला माहीत पाहिजे. नाहीतर पोर्तेरो कशाला?"

एक-दोघांनी माना हलवल्या. व्यवस्थापक कागद खालीवर करत होता. मी निळ्या खोलीचा विचार करत होतो. रंग दिलेली खोली दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, जाऊ दे. बरोबरच आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेतून डॉन आनसेल्मो उभे राहिले. काळा कोट. कुणाला वाटलं नव्हतं ते येतील.

"जाळी मी उघडी ठेवत होतो," ते म्हणाले. "चौदा महिने. डॉक्टरांच्या पेशंटांवर आळ आला, याच्यावर आला, मी ऐकत बसलो. सगळ्यांची माफी मागतो. तुम्ही याला सांगितलंत, लिफ्ट नीट कर. यानं केली. दार उघडणं याचं काम. यानं उघडलं. यात याचं काय चुकलं ते मला सांगा."

व्यवस्थापकानं हातातले कागद खाली ठेवले.

"मग हात वर करा," असं म्हणून त्यांनी स्वतःचा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, सगळ्यांचे होईपर्यंत. कोर्दोनबाईचा शेवटी झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीवर आले. आधी कधी आले नव्हते. मी चहा टाकला, आपल्यासारखा, दूध घालून. त्यांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत.

"इंदू, एक विचारायचं होतं. इस्पितळात ती काही बोलली नाही. पोलिसाशी बोलली तेवढं सोडलं तर शेवटचं बोलणं तिचं तुझ्याशीच झालं. जाताना काय म्हणाली?"

किटलीचं झाकण माझ्या हातात होतं. मी ते लावलं. काढलं. परत लावलं.

"म्हणाल्या, आनसेल्मोला सांग, जेवायच्या वेळेपर्यंत येते."

डॉन आनसेल्मोंनी मान वर केली.

"आनसेल्मो म्हणाली?"

"हो."

"नाव घेतलं?"

"घेतलं की. आनसेल्मोला सांग, म्हणाल्या."

ते बसून राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि चेहरा मात्र हसरा. पावसाळ्यात ऊन पडावं तसं. "दीड वर्ष," ते म्हणाले. "दीड वर्ष तिनं मला नावानं हाक मारली नव्हती." कप खाली ठेवला. मला वाटलं, बरं केलं आपण. आयुष्यात एक तरी बरं काम केलं.

ते दारापर्यंत गेले आणि थांबले. पाठमोरेच.

"मग मी परत आलो तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

मी किटली उचलून बाजूला ठेवली.

"औषध घेऊन मी तुझ्यासमोर उभा होतो, इंदू. तिनं तुला निरोप दिला होता. माझ्या नावानं. तू मला सांगितलंस, नटून गेल्यात. निरोप का नाही दिलास?"

खरं सांगायला एक क्षण होता. एकच. त्या क्षणात मी त्यांच्याकडं बघितलं.

"विसरलो, डॉन," मी म्हटलं.

"विसरलास."

"हो."

ते वळले. माझ्याकडं असं बघितलं की तसं सभेत कुणी बघितलं नव्हतं, कोर्दोनबाईनंसुद्धा नाही. आणि गेले.

त्यानंतर डॉन आनसेल्मो अकरा वर्षं जगले. अकरा वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यासाठी दार धरलं आणि अकरा वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भाजीवाल्याला सांगायचे, नव्या भाडेकरूंना सांगायचे, माझ्या सुरेखालासुद्धा जवळ बसवून सांगायचे, की माझी एल्विरा जाताना माझं नाव घेऊन गेली. मी शेजारी पाट्या पुसत असायचो.

मंजुळा आली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं. "तो पाचव्यावरचा म्हातारा सगळ्यांशी बोलतो," ती म्हणाली. "तुमच्याकडं बघून तोंड का फिरवतो?"

म्हटलं, "त्याच्या बायकोनं मरायच्या आधी त्याच्यासाठी एक निरोप दिला होता. मी द्यायचा विसरलो."

"अरे देवा," मंजुळा म्हणाली. "एवढा एक निरोप तुम्हाला लक्षात राहिला नाही?"

"नाही राहिला," मी म्हटलं.